पाटीमागची वायर

गॅलरीतून नवी वायर ओढायची परवानगी लवूने मागितली, तेव्हा शामरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "लेखी दे. कमिटीत ठेवू."

लालबागच्या त्या चाळीची कमिटी म्हणजे शामराव, शामरावांची खुर्ची आणि शामरावांचा शिक्का. गेल्या गणपतीपासून तिची बैठक भरली नव्हती.

इंटरनेट आलं होतं लवूच्या चार नंबरात. पण तिथे बायको कौसल्याची मसाल्याची गिऱ्हाइकं सकाळपासून शिंकत उभी. सून मीनाक्षी बसायची गॅलरीच्या टोकाला, त्यांच्याच दुसऱ्या खोलीत, अकरा नंबरात. डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून टाइप करायचं, असं घरबसल्या काम तिला मिळायचं होतं. सोमवारी अकराला चाचणी. लाइन तुटली की काम गेलं. आणि वायफाय तर सात नंबरापर्यंत जाऊन धापा टाकत बसायचं.

"बाबा, टीव्हीची केबल आहे ना आपली, चारातून अकरात गेलेली? तीच वापरू," मीनाक्षी म्हणाली. दुबईच्या भावाकडून तिने टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट नेणारे दोन डबे मागवले होते. एक या टोकाला, एक त्या. मधे तीच जुनी काळी केबल. टीव्हीही तिच्यातून, इंटरनेटही तिच्यातून.

लवूची छाती फुगली. गिरणीच्या संपात माग सुटला, तो सुटलाच. पुढे केबलवाल्याच्या वायरी ओढून त्याने घर चालवलं. ही वायर त्याच्याच हातची.

रविवारी डबे जोडले. चारातल्या डब्याचा दिवा लागला, अकरातला विझलेलाच.

"म्हातारी झाली तुझी वायर," सात नंबराच्या दारातून शामराव म्हणाले. "अकरात टीव्हीवर मुंग्या येतात, तेव्हाच बोललो होतो. आम्ही बघ. अँटेना, सरकारी चॅनल, बातम्या. कुणाचं मिंधेपण नको."

सोमवारी दहाला लवू स्टूल घेऊन निघाला. तुटला धागा मागावर जसा शोधायचा, तसा बोटांनी वायर चाचपत. चार, पाच, सहा. सातच्या दारावर वायर एका पाटीमागे शिरली. पाटी शामरावांचीच: 'अनधिकृत वायर जोडणीस सक्त मनाई. हुकुमावरून.'

लवूने पाटी उचलली. मागे एका वायरीच्या दोन करणारा गंजलेला स्प्लिटर, आणि त्यातून एक शेपूट गुपचूप शामरावांच्या खिडकीत गेलेलं. असला जुनाट तुकडा टीव्हीचं चित्र कसंबसं पुढे सोडतो, इंटरनेट मात्र गिळून टाकतो. अकरातल्या मुंग्यांचं वारूळ इथे होतं तर!

लवू हसला. संपात सगळे गेटवर उन्हात बसलेले, तेव्हा हेच शामराव मागच्या फाटकाने कामावर गेले होते. गिरणीने त्यांना तरी कुठे ठेवलं? फाटक गेलं, खोड राहिली.

त्याने स्प्लिटर कापून काढला, दोन्ही टोकं सरळ जोडली. शेपूट लोंबत राहिलं.

आतून शामराव ओरडतच बाहेर आले. "कोणी बंद केली रे? आत्ता ती दुधात विष घालत होती!"

दारादारांतून माना बाहेर आल्या. मग समोरच्या गंगुबाई पदर सावरत म्हणाल्या, "शामराव, सरकारी चॅनलवर कोण विष घालता हो? आमका नाय कधी दिसला."

चार नंबरातून मिरच्या निवडता निवडता कौसल्याने सूर लावला:

"दारावर पाटी बाई, जोडू नका तार
पाटीमागं घरधनी जोडतो शेजार!"

अख्खी गॅलरी खिदळली. तेवढ्यात अकरातून हाक आली, "बाबा, हिरवा दिवा लागला!" आणि लगेच तोंड आवरून, "शूऽ, पाच मिनिटं आहेत."

हसू जागच्या जागी विरलं. कौसल्याने मिरच्यांचं सूप खाली ठेवलं, गिऱ्हाइकांनी नाकाला पदर लावले. चाचणी सुरू झाली, अकरातून बटणांचा टपटप आवाज येऊ लागला. न तुटता, एका लयीत, चालू मागासारखा.

शामराव स्टुलापाशी येऊन कुजबुजले, "लवू, एवढी मालिका संपेपर्यंत तरी जोड रे."

लवूने पाटी फडक्याने पुसली, खिळ्यावर सरळ टांगली.

"लेखी द्या," तो म्हणाला. "कमिटीत ठेवू."