खालची कवळी

करंजाच्या बंदरावर गुणाबाईचा आवाज खोल समुद्रातल्या होड्यांनाही ऐकू जातो, असं लोक म्हणत. त्यातलं थोडं सोडून दिलं, तरी लिलाव पुकारावा तो तिनेच. पण एकदा सुरमईची बोली ऐन रंगात आलेली असताना तिची खालची कवळी तोंडातून उडाली आणि टोपलीतल्या माशांवर जाऊन पडली. सारा धक्का हसला. हसणारे विसरतात, गुणाबाई विसरली नाही. त्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून मागे उभी राहू लागली आणि पुकारायला शेजारची भामा पुढे आली.

लेकीला, माधुरीला, हे बघवेना. ती पनवेलला सासरी, तिथेच शाळेत शिकवायची. पंच्याण्णवचा सुमार असेल. एस.टी. स्टँडजवळ दातांचे एक नवे डॉक्टर आले होते, मुंबईला इम्प्लांटचं शिकून. माधुरी आईला घेऊन त्यांच्याकडे गेली.

डॉक्टर भले होते. कागदावर जबडा काढून त्यांनी समजावलं. खालच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे, हाडाने ते धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग कवळी त्यांच्यावर बटणासारखी अडकवायची. मग कितीही ओरडा, जागची हलणार नाही.

"पण हे सगळ्यांसाठी नसतं," ते म्हणाले. "काहींचं हाड धरत नाही. साखर असेल, तंबाखू असेल, तर मी स्पष्ट सांगतो, करू नका, आहे ती कवळी बरी. साखरेचा रिपोर्ट चांगला आहे. तंबाखू, विडी, पान?"

"नाय," गुणाबाई म्हणाली. "आमच्या घरात कोनी तंबाखू खात नाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांनी गालात धरायची गोष्ट. ती स्वतः सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना लावायची ती मशेरी, म्हणजे दात घासणं. मशेरी करायला तव्यावर तंबाखूच काळी होईस्तोवर भाजतात, हे खरं. पण एकदा भाजली की ती मशेरी. दात गेले तरी ती सुटली नव्हती.

माधुरीला मात्र कळलं. कॉलेजात मुली हसल्या म्हणून तिने स्वतः मशेरी कधीची सोडली होती. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात तिने आईकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी गुणाबाईचा तोंडावरचा हात खाली आला होता, आणि लहान मुलीने जत्रेत बांगड्यांकडे बघावं तशी ती कागदावरच्या त्या जबड्याकडे बघत होती.

"नक्की नाही ना, ताई?" डॉक्टरांनी माधुरीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

आईची मशेरी मीच बंद करते, मग खोटं उरलं कुठे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत फार लवकर घालता येते. घरी आल्यावर ती म्हणाली, "आये, थोडे दिवस मशेरी बंद. त्या स्क्रूंना जप." का, ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनेच जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं असतं, आणि मग सगळंच बारगळलं असतं.

ऑपरेशन झालं. गुणाबाई लेकीकडे राहिली. पेज प्यायची, जांभया द्यायची, कपाळ दाबत बसायची, जावयावर उगाच खेकसायची, पण मशेरीला शिवली नाही. टाके निघाले आणि ती करंजाला परतली. थोडे दिवस सांगितले होते, ते तिने पाळले होते. मागच्या दारी ती एकटीच हळू आवाजात पुकारून बघते, असं भामाने माधुरीला फोनवर हसत सांगितलं. माधुरीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि दिवा आणखी जवळ ओढला. हिरडी मागे सरून दोन्ही स्क्रू उघडे पडले होते आणि हलत होते.

"इथे काही लावत होतात का?"

"मंग," गुणाबाई जरा ऐटीतच म्हणाली. "मशेरी. दुकाय लागलं ना, तवा दोनदाच्या जागी चारदा लावली. स्क्रू घट्ट ऱ्हावं म्हनून."

"अहो मावशी, मशेरी म्हणजे तंबाखूच."

"भाजल्यावर कसली तंबाखू? मशेरीनं हिरड्या घट्ट व्हतात. माजी आय सांगायची."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्क्रू काढावे लागतील, त्यांनी सांगितलं. हाड झिजलंय, पुन्हा बसवायचा सल्ला मी देणार नाही. मग ते माधुरीकडे वळले. "तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

माधुरी हातातल्या रिपोर्टची घडी घालू लागली.

"तिला कसं म्हाईत असनार?" गुणाबाईच बोलली. "ती शिकलेली हाय. ती आता लावत नाय. चुकी माजी हाय."

स्क्रू काढून झाल्यावर दोघी स्टँडवर करंजाला जायला उरणच्या गाडीची वाट बघत बसल्या. गुणाबाईचा हात पुन्हा तोंडावर गेला होता. माधुरीला सांगायचं होतं, गाडी लागायच्या आत सांगायचं होतं: मला माहीत होतं, आये. पण सांगण्याआधीच तिला रडू कोसळलं.

"तू कशाला रडतं?" गुणाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मेलं माजं हाडच कुचकामी."

मग तिने कमरेची मशेरीची डबी काढली. झाकण उघडलं आणि तशीच थांबली, लेकीकडे बघत. आता विचारल्याशिवाय लावायची नाही, एवढं तिला कळलं होतं.

"लय दुकतं गो. लावू काय?"

नाही म्हणायला माधुरीने तोंड उघडलं. पण जपायचं आता उरलं काय होतं?

"लाव," ती म्हणाली.