थोरलीच्या पोटातलं पिल्लू

आमच्या घरात मांजर चालत नाही. कुत्रं चालतं, कोंबड्या चालतात, सकाळपासून ओट्यावर बसून चहाची वाट बघणारे चुलत सासरे चालतात, मांजर नाही. नियम माझ्या सासूबाईंचा, म्हणजे कस्तुराबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. कुठल्याशा काळात एका मांजरीनं त्यांच्या तुपाच्या गाडग्यात तोंड घातलं होतं. आत्याबाई माणसाला एखाद वेळी माफ करतील, पण तुपाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत.

तर महालक्ष्म्या बसायच्या नेमक्या त्या दिवशी माझी लेक सृष्टी शाळेतून दप्तर पोटाशी धरून आली. दप्तरात पुस्तकं नव्हती. बोरीच्या बसस्टँडमागच्या नालीतून काढलेलं मांजराचं पिल्लू होतं. एक डोळा चिपडानं बंद, अंगाला नालीचा वास, आणि आवाज मात्र सरपंचाच्या वरताण.

आत्याबाई अंगणात पितळी मुखवटे चिंचेनं घासत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "सृष्टे, ही ब्याद काहून आणलीस? लक्ष्म्या यायल्यात घरात."

"आजी, ते मरून जाईल."

"मग नालीतच मरू दे. माझ्या दारात नको."

माझा नवरा जीवन मध्ये पडला. कुठलीही गोष्ट पुढं ढकलली की ती सुटली असं त्याला वाटतं, आणि त्यामुळे तो भावकीत शहाणा समजला जातो. तो म्हणाला, "तीन दिवस गोठ्यात ऱ्हाऊ दे. लक्ष्म्या गेल्या की मी पोत्यात घालून बाजारात सोडून येतो." सृष्टीकडून त्यानं देवाशपथ कबूल करून घेतलं. पोरीनं मान डोलावली. नाही म्हणायची सोय तिला ठेवलीच नव्हती.

आमच्याकडच्या लक्ष्म्या उभ्या असतात. पत्र्याच्या दोन पोकळ कोठ्या, एक थोरलीची, एक धाकटीची, प्रत्येकीला पाठीमागं पूर्वी धान्य भरायला ठेवलेली, हात जाईल एवढी खिडकी, वर मुखवटा आणि भोवती साडी. कोठ्या धुऊन अंगणात उन्हाला ठेवल्या होत्या. संध्याकाळी जीवननं थोरलीची कोठी उचलून चौरंगावर ठेवली आणि म्हणाला, "यंदा थोरली जड लागायली." त्यावर भुजंगकाकांनी, म्हणजे ओट्यावरच्या त्याच चुलत सासऱ्यांनी, यंदा सोयाबीन चांगलं होणार असं जाहीर केलं. वर्षातून एकदाच काही उचलणाऱ्या माणसाला सगळंच जड लागतं, हे मी मनातच ठेवलं. मी थोरलीला साडी नेसवली, चांगल्या पिना लावून घट्ट बसवली, कुंकवाची पावलं काढली आणि लक्ष्म्या आल्या.

गोठ्यात पिल्लू नव्हतं. सृष्टीनं कडब्यात शोधलं, भिंतीमागं शोधलं, रडून घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की ते आईकडं गेलं असेल. नालीतल्या पिल्लाला आई कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. रात्रभर गणपती मंडळांचे भोंगे वाजत होते, त्यात मांजर काय, वाघ ओरडला असता तरी ऐकू आलं नसतं.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरण, सोळा भाज्या, आंबील, आणि घरभर भावकी. आरती झाली, सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि थोरल्या लक्ष्मीच्या पोटातून आवाज आला.

"थोरली बोलली," भुजंगकाका हळूच म्हणाले.

थोरली पुन्हा बोलली. लक्ष्मी म्यॅव म्हणत नाही, एवढं शास्त्र भुजंगकाकांनाही ठाऊक होतं. सृष्टी मात्र उठून थेट चौरंगाकडं धावली. तिला दोघींनी धरलं.

भुजंगकाका आमच्याकडचे शास्त्राचे जाणकार आहेत. कुठल्या शास्त्राचे, ते अजून कुणी विचारलेलं नाही. त्यांनी निकाल दिला. "बसलेल्या लक्ष्मीच्या लुगड्याला हात लावायचा न्हाई. आमच्या आजीनं एकदा निरी सारखी केली, तर त्याच साली म्हैस मेली. उद्या लक्ष्म्या उठवल्या की निघंल ते."

"तवर जगंल का?" सृष्टीनं विचारलं.

"लक्ष्मीच्या पोटात हाय ते. तिच्याहून चांगलं कोण सांभाळणार?"

म्हैस म्हातारी होती, दावणीला टेकून उभी राहायची, हे माहीत असणाऱ्यांनीही माना डोलावल्या. आतलं ओरडणं मात्र बारीक होत चाललं होतं. कालपासून त्याच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता, आणि बाहेर पुरणाचे डोंगर लागले होते.

आता आमच्या भावकीची एक पद्धत आहे. नैवेद्य दाखवला की पहिलं पान घरातल्या कुमारिकेला. तिच्या तोंडात घास पडल्याशिवाय बाकीच्यांनी पानाला हात लावायचा नाही. या वर्षीची कुमारिका सृष्टी. ती पाटावर बसली, ताटाकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"पिल्लाला काढल्याबिगर मी न्हाई जेवणार."

सगळे सकाळपासून उपाशी. जीवननं तिला सायकल कबूल केली. एका काकूनं पैंजण कबूल केले. भुजंगकाकांनी नरक कबूल केला. पोरगी हलेना. मी तिची आई, मला समजवायला सांगितलं गेलं. मी तिच्या शेजारी जाऊन नुसती बसले. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं.

मग भुकेनं भक्तीला गाठलं. कुणीतरी म्हणालं, तसा मुका जीव आहे. कुणी म्हणालं, पाप लागलं तर ते जीवहत्येचंच जास्त. वरणावर तुपाची धार पडल्याचा वास आला तसे भुजंगकाकाही वितळले. "तसं बगितलं तर आपद्धर्म म्हणून शास्त्रात हाय," ते म्हणाले. पण पुढं कुणी होईना. लुगडं सोडलं जावं असं सगळ्यांना वाटत होतं, फक्त दुसऱ्याच्या हातानं. माझ्याकडंही बघून झालं. सासरी सुनेच्या हातून झालेलं पाप पिढ्यान् पिढ्या पुरतं, त्यामुळे मी जीवनकडं बघितलं आणि जीवननं छताकडं.

आत्याबाई इतका वेळ लक्ष्म्यांजवळच बसल्या होत्या. आतला आवाज थांबला, तशा त्या उठल्या.

"सरका."

थोरलीला म्हणाल्या, "माय, तूबी लेकुरवाळी हायेस. लेकरू अडकलंय. पदर जरासा बाजूला घेते, राग धरू नको." मग एकेक पिन काढली, साडी सरकवली आणि खिडकीतून कोपरापर्यंत हात आत घातला. त्यांचं तोंड एकदम वेडंवाकडं झालं, पण त्यांनी हात मागं घेतला नाही. बाहेर काढला तेव्हा पिल्लू त्यांच्या अंगठ्याला दातांनी लटकलेलं होतं आणि मनगटापर्यंत रक्त होतं.

"जितं हाय," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी महालक्ष्मीच्या नैवेद्याच्या वाटीतलं दूध आधी मांजरानं चाटलं, सृष्टीच्या बोटावरून. मग सृष्टी जेवली. मग भावकी अशी जेवली की ज्यांना लक्ष्मीच्या कोपाची भीती होती त्यांनी तर तिसऱ्यांदा पुरणपोळी मागून घेतली.

अंगठा सुजला. लक्ष्म्या गेल्यावर मी आत्याबाईंना बळंच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पुढच्या तारखा दिल्या आणि म्हणाल्या, "त्या पिल्लाला सोडून देऊ नका. पिसाळलेलं नाही ना, दहा दिवस नजर ठेवा. ते ठणठणीत राहिलं पाहिजे."

आत्याबाईंनी आयुष्यात डॉक्टरचं ऐकलेलं नाही. बीपीच्या गोळ्या त्या तुळशीत टाकतात. पण हा हुकूम त्यांनी मनावर घेतला. नजर ठेवायची तर जवळ पाहिजे, म्हणून पिल्लाची निजायची पाटी गोठ्यातून त्यांच्या खाटेखाली आली. ठणठणीत राहायचं तर खायला पाहिजे, म्हणून साय आली. डोळा उघडला पाहिजे, म्हणून कोमट पाण्याचा बोळा आला. "खामखा बेजार केलं या जनावरानं," असं दिवसभर म्हणत त्या त्याला मांडीवर घेऊन बसायच्या. सृष्टी मात्र बोटांवर दिवस मोजत होती. तिनं देवाशपथ घेतली होती आणि दिवस संपत आले होते.

अकराव्या दिवशी सकाळी जीवननं पोतं काढलं. कामाच्या बाबतीत विसरभोळा असलेला हा माणूस बाजारात जायचं निमित्त कधी विसरत नाही. सृष्टीनं स्वतःच पिल्लू उचलून आणलं. दोन्ही हातांवर धरलं होतं. मी कंबर कसून भांडायला पुढं झाले.

त्याआधीच आत्याबाईंनी पोरीच्या हातातून पिल्लू काढून घेतलं.

"जीवन, ते पोतं ठिव खाली."

"आई, डॉक्टरचे दहा दिवस झाले की."

"दहा दिवसांत काय कळतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोवर मी बारा वर्सं नजर ठिऊन हाय. अजून खात्री न्हाई. म्हणून काय सोडून आलाव का तिला बाजारात?"

बारा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही मांजराच्या पंक्तीला बसवून. सृष्टी आजीच्या गळ्यात पडली. मी पोतं उचललं आणि घाईनं आत गेले, कारण डोळ्यांतलं पाणी आत्याबाईंना दिसलं असतं तर त्यांनी ते कशाला म्हणून विचारलं असतं.