लग्नाचं उष्टं आणि शेकाट्यांची घरटी

लग्नघरात दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्रश्न हमखास उभा राहतो. पाहुणे गेले, वाजंत्री गेले; उरलेल्या अन्नाचं करायचं काय? कवठाळीच्या भगवानरावांना मात्र हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. सारा गाव टाकतो तिथेच टाकायचं, गावाबाहेरच्या तलावाच्या काठी! लेकीच्या, अर्पिताच्या लग्नाला दोन हजार पानं उठली होती. एक खेप पहाटेच टाकून झाली होती. आता पिंटू ड्रायव्हर दुसरी ट्रॉली भरत होता.

"तलावावर कायले?" मैनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "वनखात्यानं तिथं पाखरायसाठी बोर्ड लावला ना. अंडे घालायचे दिवस हायेत म्हणते."

"मंग काय झालं? पाखरायचंही पोट भरंल!" भगवानराव हसले.

तासाभरात पिंटूचा फोन आला. "मालक, सुखीबाई ट्रॅक्टरसमोर बसली. उठूनच नाही राह्यली!"

भगवानराव तणतणत मोटारसायकलवर निघाले. तलाव दिसायच्या आधीच त्यांनी दुपट्टा नाकाला लावला. काठावर आंबलेल्या भाताचे ढीग होते, त्यांवर निळ्या माश्यांचा थर बसला होता. कढीचा पिवळा ओघळ पाण्यापर्यंत गेला होता. पत्रावळी, द्रोण, प्लास्टिकचे ग्लास! अख्ख्या लगीनसराईची घाण! आणि त्यात लोळणारी वीस-पंचवीस कुत्री.

सुखीबाई पलीकडच्या तांड्यावरची. घरट्यांच्या राखणीला वनखात्याने तिला ठेवलं होतं. भगवानरावांना पाहूनही ती जागची हलली नाही.

"बाई, रस्ता सोड. अन्नच टाकून राह्यलो, जहर नाही!"

"भाऊ, होळीनंतर मी अडतीस घरटे मोजलते," ती म्हणाली. "शेकाट्याचे. ते लांब लाल पायाचे पाखरं नाही का, पाण्यात उभे राह्यते ते. आज एकही नाही उरलं. कुत्र्यायनं खाल्लं सारं."

"मंग कुत्र्यायले हाकल! मी पाळले का ते?"

"पाळलेच तुमी! साऱ्या गावानं पाळले. लग्न असलं का इथं वाढता, म्हणून ते इथं राह्यते. मंग चार दिवस लग्न नसलं का उपाशी मरते. मंग चिखलात उतरून अंडे खाते. कुत्र्याचा काय गुन्हा? जेवाले बलावलं कोनं?"

"दाखव बरं मले," भगवानराव घुश्शातच म्हणाले.

ती पुढे, ते मागे. पाणी आटून उघड्या पडलेल्या चिखलात त्यांचा पाय पचकन रुतला. बाहेर काढला तर बोटांमध्ये कुजका भात आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या! पुढच्या उंचवट्यावर काड्यांची वाटीएवढी घरटी होती. त्यात फुटकी टरफलं होती, मातीवर बलक वाळून चिकटला होता. वर दोन शेकाटे किंचाळत घिरट्या घालत होते.

तिथेच एक कुत्रं पाण्याची बाटली चावत बसलं होतं. त्याच्या थोबाडाला बलक लागला होता. बाटलीवर कागद होता, लग्नासाठी हौसेने छापून घेतलेला. त्यावर अर्पिताचा हसरा फोटो होता. कुत्र्याची लाळ आणि अंड्याचा चिकटा लेकीच्या गालावरून ओघळत होता.

भगवानराव वाकले आणि तिथेच भडाभडा ओकले.

"याडी वं!" सुखीबाईच्या तोंडून बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली 'आई गं'ची हाक निघाली. तिने पाठीवरून हात फिरवला. "भाऊ, तुमची लेक काल सासरी गेली. या पाखरायचे लेकरं तं अंड्यातून बाहेरही नाही आले."

अरे! हे काय करून बसलो आपण! ज्या लेकीसाठी एवढं केलं, तिच्याच लग्नाचा नरक इथे मांडला!

"पिंटू, ट्रॉली वावरात ने!" ते ओरडले. वावरात खड्डा खोदून, शेण-मातीचे थर देऊन ते अन्न पुरलं. मग चार दिवस भगवानराव स्वतः काठावरची घाण उचलत होते. बाजूला जाऊन थुंकायचे, पुन्हा वाकायचे. गावातले हसले. "काय भगवानराव, पाखरायशी सोयरीक केली का?" पण पुढच्या लग्नाची ट्रॉली तलावाकडे वळली, तेव्हा ते सुखीबाईच्या शेजारी रस्त्यात बसले. ट्रॉली परत गेली.

खायला मिळेना, तशी कुत्री हळूहळू पांगली. अंडी गेली तर शेकाट्या आणखी एकदा घालून पाहतो, असं सुखीबाई म्हणाली होती. तसंच झालं. पण अडतीस नव्हे, अकराच घरटी झाली. त्यातलीही पाच उरल्यासुरल्या कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी नेलीच. सहा घरट्यांतली पिल्लं तेवढी चिखलात तुरुतुरु पळताना दिसली. ती पाहताना भगवानरावांना आनंद झाला. पण अडतीसचा आकडा काही मनातून गेला नाही.

वाचकहो, आपण घाण 'फेकून दिली' म्हणतो. पण ती नाहीशी होत नाही, दुसऱ्या कुणाच्या घरात जाऊन पडते. आपल्या घरचं मंगल कार्य दुसऱ्याच्या घरचं सुतक ठरत असेल, तर ते मंगल कसलं? ताटात लागेल तेवढंच घ्या, आणि उरलं तर ते निस्तरायची जबाबदारीही आपलीच माना!