कडेवरचं माप

ठक्क!

हँगर कपाटाच्या दांडीवरून निसटून खालच्या फळीवर पडला आणि मोठ्या मिनतवारीने मिळवलेली शांतता मोडली. ती जागच्या जागी थिजली. एक पाय पँटमध्ये, एक बाहेर, डोळे पलंगाकडे. पलंगावर तिची साडेतीन वर्षांची लेक चारी दिशांना हातपाय फेकून झोपली होती. तिने ओठ चाटले, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागली. आईचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ दुसरा पायही पँटमध्ये पडला.

परदेशातल्या ह्या भाड्याच्या खोलीत ते तिघं आठ दिवसांसाठी आले होते. नवऱ्याच्या कंपनीने त्याला यंत्रांच्या प्रदर्शनात उभं राहायला पाठवलं होतं. तो सकाळी जाई आणि संध्याकाळी सुजलेले पाय आणि हसून हसून दुखणारे गाल घेऊन परत येई. ती आणि लेक शेपटासारख्या मागून आल्या होत्या. पण ह्या वेळी शेपटालाही स्वतःचं काम होतं. उद्या सकाळी परतीचं विमान आणि सोमवारी दहा वाजता तिची मुलाखत. चार वर्षांपूर्वी सोडली होती तशीच नोकरी. पुलांचे आराखडे तपासायचे, कुठल्या खांबावर किती भार येतो ते बघायचं आणि चुकलं असेल तिथे लाल पेनाने गोल करायचा. त्या लाल गोलांची तिला इतकी आठवण येई, की लेकीने काढलेल्या घराच्या कललेल्या खांबालाही तिने एकदा नकळत गोल केला होता. लेक दोन दिवस बोलली नव्हती.

"कोट शिवून घे," नणंदेने फोनवर बजावलं होतं. "चार वर्षं घरी होतीस हे तुझ्या तोंडाकडे बघून कळेलच, निदान कपड्यांवरून तरी कळू देऊ नकोस. तिकडे म्हणे चार दिवसांत अंगावर बेतून देतात." नणंदेचं सगळं असंच. औषध आणि चिमटा एकाच पुडीत.

तर तो गडद राखाडी कोट आज सकाळी खाकी कागदात गुंडाळून खोलीवर आला होता. लेक झोपेपर्यंत तिने तो उघडलाही नव्हता. आता तिने बटणं लावली, केस कानामागे सारले, चेहऱ्यावर मुलाखतीचं हसू आणलं आणि आरशासमोर उभी राहिली.

हसू तिथेच विरलं.

आरशात वाऱ्याने कललेला तंबू होता. डावा खांदा वर उचललेला, उजवा खाली ओघळलेला. डाव्या कमरेपाशी कापडाचा असा फुगा, की आत भोपळा लपवावा. खालची कड तिरकी. आणि डावी बाही तर कोपरात अशी वाकलेली, जणू कुणाला तरी कवेत घ्यायला निघालीय. तिने ओढून बघितलं, झटकून बघितलं, एक बटण सोडून बघितलं. तंबू तंबूच राहिला.

"आई, तू वाकडी का झालीस?"

लेक उठून बसली होती. उत्तर द्यायच्या ऐवजी आईचे डोळेच भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून तिने लेकीला पटकन उचलून कडेवर घेतलं. सवयीने पुन्हा आरशाकडे बघितलं, आणि तिचा आ वासला.

कोट बसला होता! नुसता बसला नव्हता, अंगावर उगवल्यासारखा बसला होता. खांदे समान, कड सरळ. भोपळ्याच्या जागी लेकीचं बूड चपखल टेकलेलं आणि बाहीने तिला अलगद वेढलेलं. तिने लेकीला खाली ठेवलं. तंबू. वर घेतलं. साहेबीण. खाली. तंबू.

"अजून!" लेक म्हणाली. तिला हा खेळ फार आवडला.

आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माप घ्यायच्या दिवशी काय झालं होतं? शिंपीदादांच्या दुकानात दारातच कोट घातलेला एक पुतळा उभा होता, आणि त्याला डोकं नव्हतं. ते पाहून लेक जी आईला चिकटली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. तिचा बाबा तिला उगाच चिकटपट्टी म्हणत नसे. तेव्हा शिंपीदादांनी विचारलं होतं, "हिच्यासकट घ्यायचं माप? असंच?" आणि तिने म्हटलं होतं, "असंच घ्या हो, ही काही उतरत नाही." कच्च्या शिलाईची ट्रायल झाली तेव्हाही लेक कडेवर आणि पुतळा दारात. तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, "असंच ना?" आणि ती म्हणाली होती, "हो हो, असंच."

तिने नवऱ्याला फोन लावला.

"अरे, असशील तसा निघून दुकानात ये. माझा कोट मुलीच्या मापाचा झालाय."

"मुलीच्या? म्हणजे अगदीच लहान झाला?"

"नाही, मोठा झालाय. म्हणजे माझ्याच मापाचा आहे, पण तिच्यासकट."

"अगं, तू जेवलीस ना नीट?"

"तू ये!"

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, एका अरुंद जिन्याच्या पोटात. आत एक लांब टेबल, भिंतभर कापडाचे तागे आणि गरम इस्त्रीचा वास. शिंपीदादांच्या कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. खिडकीशी त्यांची बायको काज करत बसलेली. तिच्या ओठांत कायम चारपाच टाचण्या, त्यामुळे ती मोजकं बोलायची आणि तेही तोंडाच्या कोपऱ्यातून. ह्या मंडळींची भाषा हिला येत नव्हती, हिची त्यांना येत नव्हती. सगळा कारभार तिसऱ्याच एका भाषेत, दोन्हीकडून मोडून आणि हातवारे जोडून चालला होता. आपण तो सरळ करून घेऊ.

पुतळा दिसताच लेक टुणकन कडेवर चढली. शिंपीदादांनी तिला आणि तिच्या अंगातल्या कोटाला पाहिलं, ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की बिचारीला तक्रार करायची लाज वाटली.

"बघ, बघ!" ते बायकोला म्हणाले. "एक सुरकुती तरी आहे का?"

"दादा, चूक झालीय."

"कुठे?"

तिने लेकीला बळेच खाली ठेवलं. लेकीने भोकाड पसरलं. कोटाचा तंबू झाला.

"अहो, पण तुम्ही तिला खाली का ठेवता?"

"कारण मी मुलाखतीला मुलगी घेऊन जाणार नाही!"

शिंपीदादांनी नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा नाकावर घेतला आणि तिला नव्याने बघितलं. "नाही?"

"नाही."

"मी दोनदा विचारलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही फक्त माप घ्यायचं विचारताय."

"आणि मला वाटलं, तुमच्या देशात बायका मुलांना घेऊन कामावर जातात. मी हिला म्हटलंसुद्धा, काय शहाणा देश आहे!"

"मी तेव्हाच म्हटलं," टाचण्यांतून आवाज आला, "असा देश नसतो."

शिंपीदादांनी कोटावरून हात फिरवला. "हे बघा, इथे कमरेला दुहेरी कॅनव्हास घातलाय, हिचं वजन पेलायला. इथली शिवण आत वळवली, हिच्या पायाला टोचू नये म्हणून. आणि खांद्याला हे गुळगुळीत कापड. लाळ पडली तर एका फटक्यात पुसता येते."

"लाळ कधीच बंद झालीय तिची," आई दुखावून म्हणाली.

"एकतीस वर्षं कोट शिवतोय. सगळे नुसते उभे राहायचे कोट. हा पहिला, ज्यात कुणीतरी काहीतरी करत होतं. रात्रीची झोप मोडून ह्याचा विचार केला मी. आणि तुम्ही म्हणता उसवा?" त्यांनी हाताची घडी घातली. "दुसरा शिवून देतो. चार दिवस लागतील."

"उद्या सकाळी विमान आहे हो!"

"मग हाच घाला. मुलगी घेऊन जा. नोकरी नक्की मिळेल."

तिला हसावं की रडावं कळेना. चार वर्षांनी एक दार जरा किलकिलं झालं होतं, आणि त्यातून हा तंबू घालून शिरायचं? ती काही बोलणार इतक्यात खिडकीतल्या बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून शेजारच्या छोट्या उशीत खोचल्या. पहिल्यांदाच त्यांचं पूर्ण तोंड दिसलं.

"उसवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नाहीतर स्वतः घाला आणि मला कडेवर घेऊन बाजारात चला."

शिंपीदादांनी निमूट कात्री उचलली.

आता नव्याने माप. म्हणजे लेकीला सोडवणं आलं. तेवढ्यात नवरा धापा टाकत आत शिरला, गळ्यात प्रदर्शनाचा बिल्ला तसाच. "ये ग चिकटपट्टी, बाबाकडे ये." चिकटपट्टीने आईच्या मानेभोवतीची मिठी आणखी आवळली. पुतळ्याकडे बोट दाखवून ती किंचाळली, "त्याचं डोकं कुणी नेलं?"

बाई उठल्या. लोकरीचा एक मोठा पिवळा गुंडा घेतला, त्याला दोन काळी बटणं टाचली, लाल दोऱ्याने वाकडं तोंड शिवलं आणि गुंडा पुतळ्याच्या मानेवर बसवला. वर स्वतःचा रुमाल बांधला. लेक रडायची थांबली. एक डोळा, मग दुसरा डोळा आईच्या खांद्यावरून बाहेर आला. मग ती सरसर खाली उतरली आणि पुतळ्यापाशी जाऊन म्हणाली, "तुला भूक लागली असेल."

मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही कार्टीने. चार दिवस जिने एक टाचणीभर अंतर पडू दिलं नव्हतं, ती आता लोकरीच्या तोंडाला रिकाम्या रिळातून दूध पाजत होती. आईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण डावी कूस एकाएकी गार पडली.

"सरळ उभ्या राहा," शिंपीदादा टेप घेऊन आले.

"सरळच आहे मी."

"नाही."

"अहो, सरळ आहे!"

"अगं, तू वाकडी आहेस," नवरा म्हणाला. "म्हणजे छान वाकडी आहेस. पण आहेस."

तिने आरशात पाहिलं. कडेवर कुणी नव्हतं, तरी डावी कंबर बाहेर आलेली, उजवा खांदा पडलेला, डावा हात हवेतच वळलेला. एका बाजूने भार आला की खांब कसा कलतो, ह्यावर कॉलेजात तिला पैकीच्या पैकी मार्क होते. दुसऱ्यांच्या खांबांना तिने शेकड्याने लाल गोल केले होते. आणि हा इतका मोठा कललेला खांब साडेतीन वर्षं रोज आरशात बघून वर टिकली लावत होती!

बाईंनी तिला दाराच्या चौकटीशी पाठ लावून उभं केलं. टाचा टेकवल्या, कंबर आत ढकलली, डाव्या खांद्यावर चापट मारून तो खाली बसवला. "आता श्वास घ्या. हां. हलू नका." तिला वाटलं आपण डावीकडे कलंडतोय, आता पडणार. पण आरशात एक बाई ताठ उभी होती. ओळखीची वाटत होती. पूर्वी कधीतरी भेटलेली.

"हीच का ती?" शिंपीदादांनी विचारलं.

"हीच," ती म्हणाली. "पटकन माप घ्या, फार वेळ टिकणार नाही."

मग दोन तास नुसती कात्री, मशीन आणि इस्त्री. दुहेरी कॅनव्हास निघाला, भोपळा निघाला, बाही उसवून पुन्हा बसली. दर टाक्याला शिंपीदादा उसासा सोडत आणि दर उसाशाला बाई खाकरत. नवरा टेबलाखाली बूट काढून बसल्या बसल्या पेंगला. लेकीने पुतळ्याला तीनदा जेवू घातलं, एकदा झापलं आणि शेवटी त्याचं डोकं काढून मांडीवर झोपवलं.

बाहेरचं ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कोट झाला. तिने घातला. टाचा टेकवल्या, कंबर आत घेतली, खांदा आपणच खाली बसवला. कोट अंगावर पाण्यासारखा उतरला. खांदे समान, कड सरळ, कडेवर कुणी नाही.

नवरा खडबडून जागा झाला आणि अनवाणीच उभा राहिला. "या मॅडम, बसा. आमच्या पुलाचं काही चुकलं का?"

"सगळं चुकलंय तुमचं," ती म्हणाली, आणि तो जुना, लाल पेनाचा आवाज आपल्याच तोंडून ऐकून तिला इतका आनंद झाला, की ती उगाच एक गिरकी घेऊन आली. शिंपीदादांनी दोन्ही चष्मे काढून डोळे पुसले. "ठीक आहे," ते कुरकुरले. "चांगला आहे. उभं राहायचा कोट आहे."

"मिळते बघा नोकरी," बाई म्हणाल्या आणि एकेक टाचणी पुन्हा ओठांत ठेवू लागल्या.

तेव्हा लेक लोकरीचं डोकं काखेत मारून आली. आईच्या भोवती एक सावकाश फेरी मारली. डाव्या बाजूला थांबली. कमरेपाशी, जिथे मघाशी भोपळा होता, तिथे तिने तळहाताने चाचपून बघितलं.

"छान आहे का?" आईने विचारलं.

"छान आहे." लेकीने विचार केला. "हा घालून तू पुलांना बघायला जाणार?"

"हो."

"रोज?"

"रोज."

लेकीने लोकरीचं डोकं ह्या काखेतून त्या काखेत घेतलं आणि मान वर करून, अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मग तेव्हा मला कुठे ठेवणार?"