चार गल्ल्यांपुरते पैसे

टिंग.
*पाणी, एक बाटली. मुख्य बस स्थानक.*

सासूने बाटली सुनेच्या हातात ठेवली आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. सुनेचा घसा कोरडा पडलेला दिसला आणि हात फोनसकट मशीनकडे गेला, एवढंच. नोटा-नाणी जाऊन इतकी वर्षं झाली होती की हाताला आता विचारावं लागत नव्हतं.

घरातल्या सगळ्यांची फोनमधली पाकिटं सुनेच्या नवऱ्याच्या फोनला जोडलेली. कुणी काय घेतलं, कुठे घेतलं, त्याच्या खिशात टिंग. सुनेच्या पाकिटाला तर त्याने कुंपणच घातलं होतं. तिचे पैसे घराभोवतीच्या चार गल्ल्यांत जिवंत, पाचवीत पाय टाकला की मेलेले. माहेरी जायचा विषय निघाला की म्हणायचा, पुढच्या महिन्यात काढतो कुंपण. तो महिना काही उजाडत नव्हता.

सून काम करायची ते पार्लर मात्र चार गल्ल्यांच्या आत होतं, आणि लांब पल्ल्याची बस चालवणारी एक बाई तिथे केस रंगवून घ्यायला यायची. वर्षभर सुनेने तिच्याकडून काही घेतलं नाही. घेतलं असतं तर टिंग. त्या रंगाच्या बदल्यात आज ड्रायव्हरच्या मागच्या दोन जागा होत्या, एक सुनेची, एक सासूची. सुनेने स्वतःचा फोन घरी चार्जिंगला लावून ठेवला होता. सासूने आपला आणलाच. त्याच्याशिवाय बाहेर पडलं की अंगावर लुगडं नसल्यासारखं वाटतं, म्हणाली.

तो फोन आता वाजत होता.

"स्थानकावर काय करतेयस, आई?"

"मावसबहीण यायचीय माझी. गाडी लेट आहे."

"कुठली मावसबहीण?"

"चौदा आहेत. मोजून दाखवू?"

त्याने विचारलं, ही कुठे आहे. डोकं दुखतंय म्हणून झोपलीय, उठवू नकोस, सासूने सांगितलं.

"मी येतो न्यायला. तिथेच थांब."

बसचं इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरबाईने आरशातून पाहिलं आणि एकदाच हॉर्न दिला. इथे कुणीच सापडलं नाही तर तो थेट घरी जाणार, रिकामं घर बघणार, आणि मग पहिल्याच थांब्यावर बस अडवणार. सुनेला हे कळलं तेव्हा सासूने पिशवी तिच्या खांद्याला अडकवलीसुद्धा होती.

"आई, तुम्ही?"

"त्याला इथे कुणीतरी सापडायला हवं ना."

"तो तुमच्याही पाकिटाला कुंपण घालेल."

"घालू दे. मला कुठे माहेर उरलंय? चढ आता."

सून चढली. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, मग उचलली, मग पुन्हा

टिंग.
*चहा, एक. मुख्य बस स्थानक.*

ठेवली. खिडकीतून दिसलं, सासू चहा न पिता कट्ट्यावर ठेवून पुढच्या मशीनकडे निघाली होती. मग त्याच्या पुढच्या.

टिंग.
*बिस्किटं.*

टिंग.
*वजनकाटा.*

बस फलाटावरून मागे सरकली तेव्हा सासू त्या काट्यावर उभी होती, फोन कानाला. "वजन बघतेय रे," ती वैतागून सांगत होती, "एवढा वेळ करायचं काय माणसाने? तू ये सावकाश." बसकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

चौकात सिग्नल लाल झाला आणि समोरच्या रांगेत पहिलीच गाडी त्याची होती.

सून खाली वाकू शकली असती. वाकली नाही. काचेपलीकडे तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता, नजर समोर, बसच्या काचेवर, ड्रायव्हरबाईच्या नुकत्याच रंगवलेल्या केसांवर, तिथून मागच्या सीटकडे

टिंग.
*वजनकाटा.*

त्याने फोन बघायला मान खाली घातली.

सिग्नल हिरवा झाला.