सहाच्या गाडीचा घोळ

डेपोत त्यांना सगळे टाइमटेबलवाले म्हणत, कारण कुठली बस किती वाजता सुटायची हे कागदावर मांडणं त्यांचं काम. बायकोच्या मते ते नुसते वेडे होते. तिचंही काही चुकत नव्हतं. एकच कादंबरी माणसाने आठ वेळा वाचायची म्हणजे काय? डोंगराआडचं एक गाव, बाहेर पडायला एकच रस्ता. संध्याकाळी सहाची शेवटची बस सुटते, पाठोपाठ दरड कोसळते आणि गाव तुटतं. खून झालेला आहे आणि खुनी आपल्यातच आहे म्हणून जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघतोय. खुनी मात्र त्या सहाच्या बसने केव्हाच पसार झालाय. दवाखान्यातला कंपाउंडर! शेवट फोडायचा नाही, असं टाइमटेबलवाले ज्याच्या त्याच्या हातात पुस्तक कोंबताना बजावत. मी फोडला, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

नवव्या खेपेला त्यांना दुर्बुद्धी सुचली. पेन्सिल घेऊन त्यांनी खुनाच्या दिवसाचं टाइमटेबल मांडलं. साडेपाचला पोस्टमनने कंपाउंडरला खाणीपाशी पाहिलं. खाणीपासून स्टँड चाळीस मिनिटांवर, तेही चढाच्या वाटेने. पुस्तकात तसं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे हा बाबा पोचणार सहा-दहाला. बस तर गेलेली.

झालं. पुस्तक मिटलं ते मिटलंच. चार महिने त्यांनी त्याला हात लावला नाही. जेवणावरचं लक्षही उडालं.

"अहो, गोष्ट आहे ती," बायको म्हणाली. "कुणी गेल्यासारखं तोंड काय करून बसलाय?"

"मला परत वाचायचीय गं," ते म्हणाले. "पण ती दहा मिनिटं आडवी येतात."

 

अशात पुस्तकांच्या दुकानात त्या कादंबरीच्या लेखिकाबाई येणार असल्याचं कळलं. टाइमटेबलवाले रजा टाकून पहिल्या रांगेत हजर. बाईंकडे उत्तर असणारच, याची त्यांना खात्री होती. ते ऐकायचं आणि घरी जाऊन पहिल्या पानापासून सुरुवात करायची. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा उभं राहून त्यांनी पाढे म्हणावेत तसे सगळे आकडे म्हणून दाखवले.

बाईंनी चष्मा काढला. वय सत्तरीच्या पुढचं असावं.

"अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. त्याला बस मिळाली नसती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंचा चेहरा पडला. आपल्याच हाताने आपण त्या गावाची वाट लावली, असं टाइमटेबलवाल्यांना झालं. पण खाली बसायचं सोडून ते उभेच राहिले.

"मिळाली असती," ते म्हणाले. "ड्रायव्हर थांबला असेल."

"कशासाठी?"

"रोजचा पॅसेंजर आला नाही म्हणून. कंपाउंडर रोज त्याच बसने घरी जायचा, तुम्हीच लिहिलंय. मग इंजिन चालू ठेवतात आणि आरशात बघत बसतात."

"दहा मिनिटं?" बाईंनी विचारलं. "खरंच थांबतात असे?"

"थांबतात," टाइमटेबलवाले म्हणाले. "एकतीस वर्षं मी त्यांना त्याबद्दल मेमो देतोय."