डोंगरावरचं सातवं घर

फोन आला तेव्हा लोथार टेबलाखाली उताणा पडून वायर जोडत होता. टेबलावर नाताळचा लाकडी डोंगर होता. खाणीचं तोंड, चर्च आणि सात घरं. प्रत्येक घरात वाटाण्याएवढा दिवा. इस्पितळातल्या बाईने त्याचं नाव विचारलं आणि ती क्षणभर थांबली. तेवढ्यावरूनच त्याला कळलं. त्याची बायको ट्राउडल गेली होती.

घरं ट्राउडल कोरायची, वायरी तो ओढायचा. एकेक घर एकेका नातेवाइकाचं, सातवं त्या दोघांचं. एखाद्याच्या घरात कुणीच उरलं नाही की ते डोंगरावरून उचलायचं आणि तिथे दुसऱ्या कुणाचं ठेवायचं, ही तिच्या वडिलांपासूनची रीत.

दफन झाल्यावर लोथारने डोंगरावरच्या स्वतःच्या घरातला दिवा काढला. सगळे दिवे एकाच माळेत, त्यामुळे डोंगर अंधारला. त्याने सुटी टोकं एकमेकांना पिळून जोडली. बाकीचे सहा लागले, नेहमीपेक्षा पांढरे.

शेजारचा झीगमार बघून म्हणाला, "सातांची वीज सहांच्या डोक्यावर घातलीस. बल्ब उडतील."

"उडू देत."

"खाणीत जन्मभर वायरमन होतास ना? हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर कानाखाली काढली असतीस!"

संध्याकाळी एक उडाला. लोथारने तीही टोकं पिळली. मग दुसरा, तिसरा. राहिलेले इतके तापले की डोंगरावरच्या बेकरीवाल्या घराच्या खिडकीत ट्राउडलने चिकटवलेला कागदी पडदा करपला. शेवटी सगळेच गेले.

नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याच्या आदल्या दिवशी ट्राउडलची थोरली बहीण गिझेला मसुराचं सूप घेऊन आली.

"आज सगळ्या गल्लीच्या खिडक्या उजळतील. तुझी?"

"ती नाहीये, गिझेला."

"ती नाहीये. तू आहेस ना? घर रिकामं असतं तर मीच उचललं असतं."

"मग उचल."

"त्याच घरात बसून माझं सूप ओरपतोयस, मेल्या, आणि म्हणे उचल!"

तिने डोळे पुसले आणि वाडगा पुन्हा भरला.

झीगमारने माळ्यावरून तसलेच जुने सात बल्ब शोधून आणून दिले. गिझेला गेल्यावर लोथार टेबलाखाली शिरला. पिळलेली टोकं सोडवली, एकेका घरात बल्ब फिरवला. चर्चची घंटा झाली. समोरच्या खिडक्या एकामागून एक उजळल्या. लोक सवयीने त्याच्या खिडकीशी थांबत, आत वाकून बघत आणि हळू आवाजात बोलत पुढे जात.

सहा घरांत दिवे बसले आहेत. त्याच्या घरातला बसवायचा राहिला आहे, आणि तो बसेपर्यंत डोंगरावर एकही दिवा लागणार नाही.